इंचाइंचाचा हिशोब

गेल्या महिन्यात पुण्यात एका सायकलवाल्या मित्राकडे स्लाइड शो होता. विषय आफ्रिका. साहेब एका ग्रुपबरोबर तीन आठवडे टांझानिया आणि मलावीच्या खेड्यापाड्यांतून सायकल मारून आले. फोटो दोनशेच्या वर. त्यातले निम्मे सायकलचे, उरलेल्यात सूर्यास्त, तंबू आणि रस्त्याकडेला हात हलवणारी लेकरं. मी विचारलं, "जेवायला काय असायचं रे तिकडे?" तर म्हणाला, "त्यांचं काही खाल्लंच नाही. आमचा कुक होता ना ट्रकमध्ये. आणि पोरं जाम वैताग देतात, पेन दे, पेन दे करत मागे धावतात."

तीन आठवडे एका देशातून स्वतःच्या पायांनी जायचं आणि तिथला एक घास तोंडात घालायचा नाही. अवघड आहे राव!

या प्रकाराचा मोठा अवतार म्हणजे 'टूर द आफ्रिक'. कैरो ते केपटाऊन, साधारण १२,००० किलोमीटर, चार महिने. ती २००३ साली पहिल्यांदा निघाली. सामान ट्रकमध्ये, माणसं सायकलवर. धाडस म्हणून माझा सलाम आहे, माझ्याच्याने होणार नाही. पण त्यांच्यात एक बिरुद असतं, 'ई.एफ.आय.'. अख्ख्या वाटेत एक इंचही गाडीत न बसता जो पार करतो त्याला ते मिळतं. (ई म्हणजे एव्हरी, आय म्हणजे इंच. एफ काय ते सभ्य माणसाने विचारू नये.) माझं भांडण आहे ते या इंचाशी. इंच मोजायला लागलं की गाव म्हणजे दोन मुक्कामांमधला अडथळा होऊन बसतं.

आता तुम्ही म्हणाल, वसमतच्या माणसाला आफ्रिकेची एवढी काळजी का? सांगतो.

मार्च महिना होता. आमच्याकडे तेव्हा हळदीचा हंगाम असतो. शेताशेतात कुकर लागलेले, वाफा निघतायत, अख्ख्या शिवारात तो ओला, मातकट वास. (वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे जाता जाता. कॉलर ताठ करायला आमच्याकडे फार जागा नाहीत.) मामाचं औंढ्याच्या रस्त्यावर चहाचं हॉटेल आहे, मी तिथे बसलो होतो. लांबून रंगीबेरंगी हेल्मेटं दिसली. तीसेक सायकली, औंढा नागनाथाकडे निघालेल्या. मामा उठला. बाकडी पुसली, मोठं पातेलं चढवलं, पोराला आणखी दूध आणायला पिटाळलं.

सायकली थांबल्या. बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. मागून टेम्पो आला. त्यातून घडीचं टेबल निघालं, केळी निघाली, पाण्याचे जार, कसलीशी पावडर. वीस मिनिटं सगळे तिथेच. फक्त एक जण रस्ता ओलांडून आला आणि मामाला हिंदीत म्हणाला, "भैया, वो धुआँ किस चीज का है? फोटो ले सकते हैं?" मामाने हळद दाखवली, फोटो काढू दिला. मग शिट्टी वाजली आणि सगळे गेले. पातेलं तसंच उकळत राहिलं.

मामा म्हणाला, "जाऊ दे बाबा. शहरातल्या माणसाचं पोट नाजूक राह्यतं." आणि दूध आटवायला घेतलं.

मला जास्त लागलं ते वेगळ्याच कारणाने. मी स्वतः असाच पुणे-गोवा करून आलोय. ॲव्हरेज स्पीड आजही दशांशासकट सांगतो. कुठल्या गावात जेवलो ते विचारू नका.

लगेच उत्तर येईल, चाळीस डिग्रीत सपोर्ट गाडी नको का? हवीच. कुणी चक्कर येऊन पडला तर काय करणार? गाडीबद्दल माझी तक्रारच नाही. बाबा आमट्यांचं 'भारत जोडो' आठवा. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून शंभराहून जास्त तरुण-तरुणी सायकलवर निघाले ते काश्मीरपर्यंत, पाचेक हजार किलोमीटर. १९८८ मध्ये पुन्हा, पूर्व टोकाकडून गुजरातकडे. त्यांच्याबरोबरही गाडी होतीच. खुद्द बाबा गाडीतच होते. सत्तरी ओलांडलेली आणि पाठीच्या दुखण्याने सायकलवर बसणं अशक्य. इंचाच्या हिशोबाने बाबांना शून्य मार्क! पण तो प्रवास माणसांना भेटण्यासाठी होता, सायकल फक्त निमित्त. गाडी असूनही माणसं भेटतात, भेटायचं असलं तर.

आणि कुणाच्या रस्त्यावर जाऊन आपण हे पराक्रम करतो? केनिया-युगांडा सीमेवर दोन चौक्यांमधल्या अंतरात माणसं आणि पोती कॅरिअरवरून वाहणारे सायकलवाले 'बॉर्डर, बॉर्डर' ओरडायचे, त्याचंच पुढे 'बोडा-बोडा' झालं. आता तिथे बहुतेक मोटरसायकली आल्या, पण मलावीत सायकल टॅक्सी आजही चालते. एक संस्था आफ्रिकेच्या खेड्यांसाठी 'बफेलो' नावाची सायकल बनवते. मुळात एकच गिअर, मागे शंभर किलो पेलणारं कॅरिअर. फोटो बघितला तर आपली दूधवाल्याची काळी सायकलच की! आपल्याकडेही मागास तालुक्यांतल्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी सायकली मिळतात. ही मंडळी रोज सायकल मारतात, हेल्मेटशिवाय, आणि टाळ्या मात्र आपल्याला.

लेकरं मागे का धावतात तेही सांगतो. तीस हेल्मेटं एकदम आली की ती सर्कस असते, आणि सर्कशीमागे आम्हीही धावलोय. एकटा माणूस सायकलवरून आला तर त्याला पेन मागत नाहीत, "कुठून आलात?" म्हणून विचारतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की गटाचे पाच-पाचचे तुकडे करा, तासाभराच्या अंतराने सोडा. टेम्पोतून औषधं आणि ट्यूब न्या, केळी गावात घ्या. हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे तो दुधाचा अंदाज बांधेल.

जानेवारीत मित्राचाच ग्रुप नांदेडहून वसमतमार्गे औंढ्याला जाणार आहे. त्याला मामाचा नंबर पाठवला. त्याचा मेसेज आला, "हायजिनचं काय?" मी लिहिलं, दूध मागच्या गोठ्यातल्या म्हशीचं आहे, हवं तर म्हैस बघून घे. त्यावर अजून उत्तर नाही. मामाला मी यातलं काहीच बोललो नाहीये. उगाच पुन्हा जास्तीचं दूध घेऊन ठेवायचा.