सोबत की फुकटची जागा?

संत लूकच्या शुभवर्तमानातील यरुशलेमच्या यात्रेची कथा आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. दर तीन वर्षांनी पवित्र कुटुंबाच्या सणाला ती वेदीवरून वाचली जाते. सण आटोपून मंडळी नासरेथकडे निघाली. बारा वर्षांचा येशू बरोबरच्या नातलगांत कोठेतरी असेलच, असे मरिया आणि योसेफ यांनी गृहीत धरले. एक दिवसाची वाट सरल्यावर तो घोळक्यात नाही हे कळले, आणि तो सापडेपर्यंत तीन दिवस गेले. ज्यांच्यासारखे आईबाप झाले नाहीत, त्यांनाही जे गृहीत धरणे महागात पडले, तेच आज आपण निर्धास्तपणे गृहीत धरत आहोत, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

आमच्या नागपुरात फ्रेंच किंवा जर्मन शिकणाऱ्या शाळकरी मुलांना सुट्टीत परदेशी नेण्याची हौस वाढली आहे. शाळेचे परिपत्रक येते, लाखांच्या घरातला खर्च सांगितला जातो, आईबाप ठेवी मोडतात. सभेत प्रश्न निघतात ते सामानाच्या वजनाचे आणि जेवणाचे. ‘मुलांबरोबर कोण?’ असे कोणी विचारलेच, तर ‘सर आहेत, मॅडम आहेत’ एवढ्या उत्तरावर समाधान होते. हे सर आणि मॅडम ती भाषा बोलतात काय, यापूर्वी कधी त्या देशी गेले आहेत काय, रात्री मुलींच्या मजल्यावर कोण झोपणार, हे विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते.

अशा सहलींत अनेकदा एक हिशेब चालतो. ठरावीक संख्येने विद्यार्थी जमले की एका शिक्षकाचा प्रवास फुकट. आम्ही शिक्षकांवर आरोप करीत नाही. परक्या गावी पंचवीस-तीस पोरे सांभाळताना ज्यांना डोळ्याला डोळा लागत नाही, अशा कष्टाळू शिक्षिका आम्ही पाहिल्या आहेत. आमचा आक्षेप व्यवस्थेवर आहे. ज्याची जागा मुलांच्या संख्येवर अवलंबून, त्याने ‘हे मूल अजून तयार नाही, यंदा पाठवू नका’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? जो राखणदार, त्यालाच आपण गिऱ्हाईक गोळा करावयास लावले आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरातील मुलगी अशाच सहलीत आजारी पडली. बाकीची मुले मनोरा पाहावयास गेली. शिक्षक दोनच, म्हणून तिला हॉटेलच्या खोलीत एकटी ठेवले गेले. पोटात कळ आल्यावर तिने खाली दूरध्वनी केला, पण तीन वर्षे फ्रेंच शिकून उत्तम गुण मिळवलेल्या त्या मुलीला ‘माझ्या पोटात दुखते’ एवढे वाक्य सुचेना. पुढे सारे निभावले, देवाची कृपा. परंतु त्या दुपारी तिची सोबतही तोकडी पडली आणि तिची भाषाही. दोन्हींचे मूळ एकच आहे. भाषा आपण गुणांसाठी घेतो आणि सहल छायाचित्रांसाठी काढतो.

फ्रान्स-जर्मनीचा व्हिसा घेताना अल्पवयीन मुलासाठी पालकांचे संमतिपत्र लागते, आणि निदान तीस हजार युरोचा प्रवास-आरोग्य विमा दाखवावा लागतो. ज्या परक्या सरकारला आपल्या मुलाचे नावही ठाऊक नाही, ते मूल आजारी पडले तर काय, हा प्रश्न आधी विचारते. आपण जन्मदाते तो विचारीत नाही!

सदरमधील आपले कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, ते संत फ्रान्सिस डी सेल्स स्वतः परगावी शिकलेले विद्यार्थी होते. सव्हॉयमधील त्यांच्या वडिलांनी त्यांना कोवळ्या वयात पॅरिसला आणि १५८८ मध्ये इटलीतील पादुआला पाठवले, तेव्हा दोन्ही वेळा सोबत देआज नावाचे धर्मगुरू दिले. हे देआज कडक स्वभावाचे. त्यांचा धाक मुलाला जाचलाही असेल. परंतु ते वर्षानुवर्षे राहिले, आणि पादुआत फ्रान्सिस मरणाच्या दारी पोहोचले तेव्हा उशाशी होते. सोबत म्हणतात ती ही. तीसुद्धा सर्व काही करू शकली नाही. पॅरिसमध्ये ‘देवाने आपल्याला टाकले’ या भयाने हा तरुण कित्येक आठवडे खचून गेला होता. ते संकट त्याने पवित्र मरियेपुढे प्रार्थनेत एकट्यानेच ओलांडले. उशाशी बसणाऱ्यालाही जेथे मुलाच्या मनाचा ठाव लागत नाही, तेथे केवळ डोकी मोजणाऱ्याला काय लागणार?

यावर काही वडीलधारे म्हणतील, ‘तर मग पाठवूच नका, मुलींना तर नकोच.’ हे आम्हांस मुळीच मान्य नाही. १८४५ मध्ये आनेसीहून मिशनरी भारताकडे निघाले नसते, घर सोडून परक्या भाषांपुढे विद्यार्थी होऊन बसले नसते, तर १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत उभा राहिला नसता. परदेश आणि परभाषा यांना आपण भ्यावे, हे कृतघ्नपणाचे होईल. मुलगे जावेत, मुलीही जाव्यात. पण त्यांना सोबत देऊन पाठवावे.

म्हणून पालकहो, आमचे मागणे स्पष्ट आहे. सोबत जाणाऱ्या शिक्षकाचा खर्च शाळेने अथवा सर्व पालकांनी मिळून उघडपणे करावा. तो मुलांच्या संख्येला बांधलेला नसावा. मुली असतील तेथे शिक्षिका असावीच. कोणी आजारी पडल्यास मागे थांबेल असा एक माणूस आधीच नेमलेला असावा. ज्या घरी मुले उतरणार, त्या घराची चौकशी झालेली असावी. आणि काही विपरीत घडले तर ‘शाळेचे नाव जाईल’ म्हणून कोणी तोंड दाबू नये. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांना देणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे. धर्मगुरू व व्रतस्थ यांच्याकडून घडलेल्या अशा अपराधांची खबर धर्माधिकाऱ्यांस देण्याचे बंधन पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये ख्रिस्तसभेतही घातले. नाव जाते ते लपवल्याने.

आणखी एक. प्रत्येक सहलीत एक जागा अशा मुलासाठी राखावी, ज्याला भाषेची खरी ओढ आहे पण ज्याच्या घरी मोडावयास ठेव नाही. एखाद्याला फुकटची जागा द्यावयाचीच असेल, तर तिचा खरा हक्कदार तो आहे.

मरिया आणि योसेफ यांची चूक एका दिवसाची होती. ती कळताच ते माघारी फिरले. पुढचे परिपत्रक घरी येईल तेव्हा सही करण्यापूर्वी आपणही क्षणभर थांबावे, आणि आपले मूल नेमके कोणाच्या हाती देत आहोत, एवढे विचारावे.