कुलूप सदोष होतं, ठीक. दार उघडं कुणी ठेवलं?

फोरम हॅक झाला की चालकांचं ठरलेलं निवेदन येतं. हल्ला अत्याधुनिक होता, आम्ही सुरक्षेबाबत गंभीर आहोत, सदस्यांनी कृपया पासवर्ड बदलावा. यातला ‘अत्याधुनिक’ हा शब्द बहुतेक वेळा थाप असते.

२००४ सालचंच बघा. पीएचपीबीबी हे फोरम चालवायचं फुकट सॉफ्टवेअर तेव्हा जगभर वापरात होतं. शोधलेला शब्द पानावर ठळक करून दाखवायची त्यात सोय होती. त्या शब्दाच्या जागी चलाखीने कोड घुसवला, तर सर्व्हर तो निमूट चालवायचा. दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरातच आली होती. तरी डिसेंबरात ‘सँटी’ नावाचा वर्म सुटला आणि त्याने हजारो साइट्सची पानं पुसून आपली पाटी लावली. पुढचं सावज तो चक्क गूगलवर शोधायचा. गूगलने ते शोध अडवले तेव्हा त्याला लगाम बसला. चालकांच्या हातात मात्र महिनाभर होता.

पंधरा वर्षांनी तोच खेळ, फक्त घड्याळ वेगवान. २३ सप्टेंबर २०१९ रोजी व्हीबुलेटिनमधली त्रुटी कुणीतरी निनावी जाहीर केली. लॉगिन न करता सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. दोन दिवसांनी पॅच आला. २९ तारखेला कोमोडो या कंपनीचा फोरम फुटला आणि सुमारे २ लाख ४५ हजार सदस्यांची माहिती धोक्यात आली. कोमोडोचा धंदा काय? सायबर सुरक्षा!

त्रुटी सापडणं हा गुन्हा नव्हे. माणसाने लिहिलेल्या कोडमध्ये चुका असणारच. पण पॅच जाहीर होतो तेव्हा तो चोरांनाही जाहीर होतो. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवला की भोक कुठे होतं ते दिसतं. त्या क्षणापासून ‘बघू रविवारी’ म्हणणं हा निष्काळजीपणा आहे.

यावर उत्तर येतं, ‘आम्ही नोकरी सांभाळून, पदरमोड करून हे चालवतो. अपडेट केलं की थीम मोडते, प्लगिन बंद पडतात.’ अडचण खरी आहे. मग पाटी लावा आणि फोरम दोन दिवस बंद ठेवा. दोन दिवस गप्पा झाल्या नाहीत तर कुणाचं काही बिघडत नाही. टोपणनावाने कुणी आपल्या आजाराबद्दल, मोडत्या लग्नाबद्दल, बॉसच्या छळाबद्दल लिहिलेलं असतं. त्या टोपणनावाशेजारचा ईमेल एकदा बाहेर गेला की तो परत आणता येत नाही.

आणि पॅच लावला म्हणजे सुटलो असंही नाही. घरात शिरलेला चोर कुलूप बदलल्याने बाहेर जात नाही. लॉग तपासा, अनोळखी फाइल्स आणि नवे अॅडमिन शोधा, सगळ्यांना लॉगआउट करा. व्हीबुलेटिनच्या त्या पॅचलाही वळसा घालायची युक्ती ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा पहारा चालूच ठेवावा लागतो. मग सदस्यांना स्पष्ट सांगा की कोणत्या तारखेला, काय काय गेलं.

सदस्य म्हणून आपणही प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवायलाच हवा. पण तेवढ्यावर चालकांची सुटका करू नका. पुढचं गुळगुळीत निवेदन आलं की खाली एकच प्रश्न विचारा. पॅच कधी आला होता आणि तुम्ही तो कधी लावलात?