214 कोटींचा एक आकडा आणि 2038 ची सकाळ

परवा ड्रॉवरमधला जुना फोन चार्ज केला आणि गंमत म्हणून त्याची तारीख पुढे सरकवत गेलो. 31 डिसेंबर 2037 ला गाडी अडली. त्यापुढचं वर्ष निवडताच येईना! फोन बिघडलेला नव्हता. यामागे एक आकडा आहे: 2,14,74,83,647.

हा आकडा म्हणजे 2 चा 31 वा घात, उणे 1. कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला तर सलग 31 वेळा 1. जुन्या 32-बिट पद्धतीत एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो आणि आकड्यासाठी 31 उरतात. ते सगळे भरले की पुढे जागाच नाही.

गणितवाल्यांना तो वेगळ्याच कारणाने आवडतो. ही मूळ संख्या आहे, म्हणजे 1 आणि स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. ऑयलरने 1772 मध्ये हे हातानेच सिद्ध केलं. युक्ती अशी, की हिला भाग जायचाच असेल तर तो फक्त 62 ने भागल्यावर बाकी 1 उरणाऱ्या मूळ संख्येने जाईल. त्यामुळे तपासायच्या संख्या खूपच कमी झाल्या.

पण मूळ संख्या असणं हा इथे निव्वळ योगायोग. 64-बिटची मर्यादा, म्हणजे 2 चा 63 वा घात उणे 1, हिला 7 ने भाग जातो. तरी मर्यादा ती मर्यादाच.

मग फोन 2037 ला का अडला? अनेक यंत्रं 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतात. 19 जानेवारी 2038 ला भारतीय वेळेनुसार सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी ही मोजणी आपल्या आकड्यावर पोहोचेल. पुढच्या सेकंदाला 32-बिट घड्याळ थेट डिसेंबर 1901 मध्ये जाऊ शकतं. 2014 मध्ये 'गंगनम स्टाईल'चे व्ह्यूज याच आकड्याच्या पुढे गेले, तेव्हा काउंटर 64-बिट केल्याचं यूट्यूबने सांगितलं होतं.

64-बिट घड्याळ सुमारे 29,200 कोटी वर्षं पुरतं. लिनक्सने 2020 च्या 5.6 आवृत्तीत 32-बिट यंत्रांसाठीही सोय केली. पण 32-बिट अँड्रॉइड ॲप्सच्या मूळ कोडमध्ये वेळ अजून 32 बिटांतच मोजली जाते.

तुमचा आजचा फोन तोवर भंगारात गेलेला असेल, त्याची काळजी नको. माझ्या मते खरा धोका आहे तो एकदा बसवून विसरलेल्या यंत्रांचा: सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, कारखान्यातला कंट्रोलर. आणि 2038 ची वाट बघायचीही गरज नाही. आज घेतलेल्या 20 वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्या तारखेच्या पलीकडेच आहे. तो हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरला ती तारीख आजच कळायला हवी.

म्हणून घरासाठी असं काही यंत्र घेताना दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: "याला अपडेट किती वर्षं मिळणार?"