ढिगाऱ्यात कोणी बसून राहत नाही

अणुयुद्धानंतरच्या जगाचे खेळ विकणाऱ्यांवर माझा सरळ आरोप आहे: त्यांना माणूस कळलेला नाही. जग बेचिराख झाले तरी माणसे दोनशे वर्षे त्याच पडक्या भिंतींत राहतील, कोपऱ्यातल्या सांगाड्याशेजारी बसून जेवतील, आणि दारातली काच-खापरीसुद्धा झाडून काढणार नाहीत, असे ते गेली अनेक वर्षे आपल्याला दाखवत आहेत. मी कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातला आहे. आमच्या घरात आधी अंगण झाडले जाते, मग चूल पेटते. घरात माणूस मेला तरी तिसऱ्या दिवशी घर सारवले जाते. मला हे चित्र खोटे वाटते, आणि ते खोटे का आहे हे मला एका जुन्या खेळानेच दाखवून दिले.

गेल्या उन्हाळ्यात मी 'फॉलआउट' पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा खेळलो. पहिला, 1997 चा, इंटरप्ले कंपनीचा. टिम केन, लेनर्ड बोयार्स्की, जेसन अँडरसन या मंडळींनी केलेला. पहिल्यांदा खेळलो तेव्हा उदगीरला कॉलेजात होतो. सीडी कॉपी केलेली, इंग्रजी यथातथा, आणि लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची सवय लागली ती तेव्हापासून. आता लॅपटॉपवर, रीतसर विकत घेऊन, एकेक संवाद सावकाश वाचत खेळलो. चाळिशी ओलांडल्यावर तो मला विशीपेक्षा जास्त झोंबला.

त्याची सुरुवात पाण्याने होते. व्हॉल्ट 13 नावाच्या भुयारी आसऱ्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पाणी शुद्ध करणारी त्यांची चिप जळते. साठा उरतो 150 दिवसांचा. तुम्हाला एकट्याला दाराबाहेर काढतात. बाहेरच्या गुहेत तुमच्याआधी पाठवलेल्या माणसाचा सांगाडा पडलेला असतो आणि त्याच्याभोवती उंदीर फिरत असतात. नकाशावर पाऊल टाकले की दिवस भराभर उडतात. पहिला माग व्हॉल्ट 15 चा. दोर लावून खाली उतरावे तर कंट्रोल रूम दरडीखाली गाडलेली. हात हलवत परत फिरायचे, आणि दिवस गेलेले ते गेलेलेच.

या घड्याळाबद्दल लोक तेव्हापासून कुरकुरत आले आहेत. मोकळेपणाने हिंडता येत नाही, मजा जाते, डोक्यावर टांगती तलवार राहते, अशा तक्रारी. खेळात आणखी एक घड्याळ होते: 500 दिवसांत म्युटंटांची, म्हणजे रूप बदललेल्या माणसांची, फौज व्हॉल्टपर्यंत पोचायची. लोकांनी ओरड केली आणि पुढच्या पॅचमध्ये ती मुदत 13 वर्षांवर नेली, म्हणजे काढूनच टाकली. 2024 मध्ये या खेळावरची टीव्ही मालिका आली, तिच्यामागून नवे खेळाडू जुन्या खेळाकडे वळले, आणि पहिली मागणी पुन्हा तीच: 150 दिवसांचेही घड्याळ काढा.

मला या मागणीचा संताप येतो. 2016 साली मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, 10 वॅगन, सुमारे 5 लाख लिटर. लातूर आमचे शेजारी. हद्दीच्या अलीकडे आमच्याकडे रेल्वे नव्हती, टँकर होता. तो गावच्या विहिरीत पाइप सोडायचा आणि पाणी तळाला पडायच्या आत काठावरून दोर खाली गेलेले असायचे. वर यायचा तो निम्मा गाळ. घागर सावलीत ठेवायची, निवळू द्यायची, वरचे पाणी फडक्यातून हंड्यात गाळायचे. घागरींची अदलाबदल होऊन भांडणे होत, म्हणून आईने आमच्या हिरव्या घागरीवर लाल नेलपॉलिशने आडनाव लिहिले होते. पुढचा टँकर कधी, हे त्या वेळी गावातल्या सहा वर्षांच्या पोरालाही तोंडपाठ होते. तहानेच्या दिवसांत माणूस दिवस मोजतो. ज्या खेळात पाणी संपत आले आहे आणि तरी कोणी दिवस मोजत नाही, त्या खेळात पाणी संपलेलेच नसते. तो नुसता देखावा असतो.

या खेळातला पाण्याचा हिशेब सगळीकडे पोचलेला आहे. हब नावाच्या शहरात पाण्याचे व्यापारी आहेत. त्यांना 2,000 झाकणे मोजली की ते तुमच्या व्हॉल्टला पाण्याचा तांडा पाठवतात आणि मुदत 100 दिवसांनी वाढते. झाकणे म्हणजे बाटल्यांची बुचे; तेच चलन, आणि त्या चलनाला पत आहे ती याच शहराच्या व्यापाऱ्यांची. पण तांडे ये-जा करू लागले की म्युटंटांना व्हॉल्टचा माग लवकर लागतो. पाणी विकत घेतले तर त्याची किंमत पुन्हा दुसरीकडे चुकवावी लागते. टँकरवर जगलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

चिप शेवटी सापडते नेक्रोपोलिसमध्ये. तिथे किरणांनी कातडी सोललेली, मरता न आलेली माणसे राहतात. त्यांचे पाणीही त्याच चिपवर. तुम्ही ती उचलली की ते तहानेने मरणार. मात्र गटारात पंपाचे सुटे भाग पडलेले असतात. ते शोधून आणले आणि दुरुस्तीचे कौशल्य पुरेसे असले तर जुना पंप चालू करता येतो, आणि मग चिप नेली तरी त्यांचे भागते. खेळ तुमचा हात धरत नाही. पंपाकडे न बघता चिप घेऊन पळालात तरी व्हॉल्टमध्ये तुमचे स्वागतच होते.

हा भाग खेळत होतो तेव्हा आई शेजारी तूर निवडत बसली होती. तिने विचारले, "पाण्यालाच निघालाय का रं ह्यो?" मी गोष्ट सांगितली. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "मग तिथल्या लोकांनी काय प्यावं?" बहात्तरच्या दुष्काळात तिने आजीबरोबर खडी फोडली आहे. कॉम्प्युटरला तिने आजवर हात लावलेला नाही. पण या खेळाचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिने दोन मिनिटांत विचारला.

हा प्रश्न आमच्या भागात नवाही नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. दुष्काळात त्यांनी बादशहाच्या धान्याची कोठारे रयतेला मोकळी केली, आणि त्याबद्दल त्यांना धरून नेले ते बीदरलाच. विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बीदरच्या दरबारात त्यांचे देणे चुकते केले, असे कथा सांगते. साठा कोणाचा आणि तहान-भूक कोणाची, हा वाद बीदरच्या दरबारात पाचशे वर्षांपूर्वी पोचला होता. 'फॉलआउट'च्या शेवटीही व्हॉल्टला वाचवणाऱ्या माणसाला त्याचेच लोक दारातून परत पाठवतात. मला तो शेवट विशीत अन्याय वाटला होता. आता तो खरा वाटतो.

पण मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ते शेडी सँड्सबद्दल आहे. व्हॉल्टमधून निघाल्यावर लागणारे हे पहिले गाव. मातीच्या भिंती, विहीर, शेत, दोन तोंडांच्या गाई, वेशीवर पहारा. गावाचा प्रमुख अराडेश बोलताना धर्माचा दाखला देतो. तिथल्या एका शेतकऱ्याला, तुमचे विज्ञानाचे ज्ञान पुरेसे असेल तर, पिकांचा फेरपालट शिकवता येतो. एवढीशी गोष्ट, त्यासाठी बंदूक लागत नाही. मृगात मूग-उडीद, त्यामागे रब्बीची ज्वारी, हे आमच्या आजोबांना कोणी शिकवावे लागले नव्हते. आज जिकडेतिकडे सोयाबीन बघताना वाटते की आता शिकवावे लागेल. महत्त्वाचे हे की ही माणसे कोणाच्या पडक्या इमारतीत राहत नाहीत. त्यांनी चिखल तुडवून नवे घर उभे केले आहे.

आणि पुढे काय होते? 1998 च्या 'फॉलआउट 2' मध्ये ऐंशी वर्षे लोटली आहेत. शेडी सँड्स आता एका नव्या प्रजासत्ताकाची राजधानी आहे. पहिल्या भागात लुटारूंनी पळवलेली अराडेशची मुलगी टँडी म्हातारी झाली आहे आणि राष्ट्राध्यक्ष आहे. विहिरीपासून राज्यापर्यंत. राखेनंतर माणसे काय करतात याचे याहून खरे उत्तर मला कुठल्या खेळात मिळालेले नाही.

2007 मध्ये बेथेस्डाने या नावाचे हक्क घेतले. 2008 चा 'फॉलआउट 3' घडतो 2277 मध्ये, युद्धाला दोनशे वर्षे झाल्यावर. दुकानांत अजून युद्धापूर्वीचे डबे, घरांत अजून सांगाडे. गोष्ट त्यातही पाण्याचीच आहे. वस्तीच्या दाराशी भिकारी पाणी मागतो. पण शेत कुठे आहे? ही माणसे दोनशे वर्षे खातात काय? 2015 च्या चौथ्या भागात घरे बांधता येतात, पण ती तुम्ही बांधायची. तिथली माणसे 210 वर्षे तुमची वाट बघत खांबाला टेकून उभी आहेत. 2010 चा 'न्यू व्हेगास' अपवाद. त्यात शेते आहेत, कर आहेत, धरणावरून लढाई आहे. आणि 2024 च्या मालिकेने काय केले? शेडी सँड्सवर अणुबॉम्ब टाकला. चिखलातून उभे राहिलेले ते गाव, ती राजधानी, आता एक खड्डा आहे. कारण माणसे सावरली की ढिगारा संपतो, आणि यांचा धंदा ढिगाऱ्यावर आहे. मी याला कल्पनेचे दारिद्र्य म्हणतो.

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते. आमचेही घर हलले. मी नऊ वर्षांचा होतो, अण्णांनी मला उचलून अंगणात आणले ते आठवते. लातूर-उस्मानाबादकडे सुमारे 10,000 माणसे गेली. पन्नासच्या आसपास गावे पुढे नव्या जागी बसवली गेली. काही वर्षांनी एका लग्नाला तिकडे गेलो तेव्हा नव्या वसाहतीत सरळ रस्ते होते, दारात तुळस होती, आणि नवरीची आजी जुन्या घराच्या माळवदाचे एक लाकूड दाखवत होती, ज्याची आता ओट्यावर बसायची फळी झाली होती. दोनशे वर्षे लागली नव्हती.

आणि बीदर? महमूद गवानचा मदरसा 1472 चा. 1696 मध्ये आत ठेवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा उडाला. दोन मिनारांतला एक उरला आहे. पर्यटक तेवढ्याचा फोटो काढतात. त्याच्या सभोवती गाव तीनशे वर्षे बाजार करते आहे, लग्ने लावते आहे, पोरांना शाळेत पाठवते आहे. बिदरीचे कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदी ठोकतात आणि त्याला काळा रंग येण्यासाठी किल्ल्यातली जुनी माती नवसागरात कालवून लावतात. ढिगाऱ्याचे माणसे हे करतात. नौबादला जांभ्या दगडात खोदलेले बहमनी काळातले कारेज आहे, विहिरींच्या ओळीने हवा घेत जाणारा जमिनीखालचा पाण्याचा बोगदा. तो गाळाने भरला होता. आमच्या डोळ्यांदेखत माणसांनी त्यात उतरून गाळ उपसला. मीही एकदा वाकून आत गेलो आहे. घोट्याला लागलेले ते पाणी एप्रिलमध्येही गार होते.

एक गोष्ट आणखी. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन 'फॉलआउट 3' ची एक्सबॉक्स आवृत्ती भारतात आणली नाही. खेळातल्या दोन तोंडांच्या गाईचे नाव 'ब्राह्मिन' आहे म्हणून, असा तर्क लोकांनी लढवला. आम्ही काय बघून दुखावतो हे आम्हाला न विचारता ठरले. पहिल्या खेळाने उलट आम्हाला समजून घेतले होते. त्यात नायकाची बुद्धी फार कमी ठेवली तर त्याला धड वाक्य बोलता येत नाही, आणि लोक त्याला दारातूनच हाकलतात. वीस वर्षांचा असताना तालुक्याच्या एका कचेरीत कन्नड अर्ज हातात घेऊन मी तसाच उभा होतो. मराठी शाळेत शिकलेला, कन्नड अडखळती. खिडकीमागच्या माणसाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितले ती नजर मला या खेळात पुन्हा दिसली. भाषा अडली की माणूस मूर्ख ठरतो, हे ज्यांनी लिहिले त्यांनी माणसे जवळून पाहिली होती.

खेळात उणिवा आहेत. सोबतचा इयान दाराशी अडून उभा राहतो आणि मशीनगन दिली तर आपल्याच पाठीत गोळ्या घालतो. यादीतून वस्तू काढताना हात दुखतो. ते दुरुस्त करा, माझी हरकत नाही. घड्याळाला मात्र हात लावू नका.

मराठीत सिनेमावर, नाटकावर रकानेच्या रकाने लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की याला पोरखेळ म्हणून बाजूला सारू नका. एकदा खेळा. दिवस मोजत खेळा. आणि नेक्रोपोलिसला पोचलात तर आधी गटारात उतरून पंपाचे भाग शोधा, पंप चालू करा, आणि मगच चिप काढा.