हेंड्रिक्स : ऐकीव गोष्टी आणि नोंदी



गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवरील लेखात चुका असल्याचे गेल्या अंकातील पत्रात म्हटले आहे. हे आक्षेप टिकणारे नाहीत.

'जेम्स मार्शल' हे त्याचे जन्मनाव नव्हे. २७ नोव्हेंबर १९४२ रोजी सिएटलमध्ये जन्मलेल्या या मुलाचे नाव जॉनी ॲलन होते. वडिलांनी ते १९४६ मध्ये बदलले.

पॅराशूटने उडी घेताना घोटा मोडला म्हणून सैन्य सोडावे लागले, असे हेंड्रिक्स स्वतः सांगत असे. पत्रलेखकाचा आधार तोच आहे. मात्र १९६२ मधील त्याच्या सेवामुक्तीच्या लष्करी कागदपत्रांत सेवेसाठी अयोग्य ठरल्याचे कारण नोंदवले आहे. कलावंताचे स्वतःविषयीचे सांगणे मोलाचे असले, तरी ते नोंदींशी ताडून पाहायलाच हवे.

छापील कागदही तपासावा लागतो. वुडस्टॉक महोत्सवाच्या जाहिरातीत १५ ते १७ ऑगस्ट १९६९ या तारखा होत्या. कार्यक्रम लांबल्याने हेंड्रिक्सचे वादन १८ तारखेला सकाळी झाले. लेखातली तारीख म्हणूनच बरोबर आहे.

अवघ्या २७ वर्षांच्या आयुष्यात त्याने गिटारवादनाची दिशा बदलली. त्याची थोरवी सिद्ध करायला दंतकथांची गरज नाही. चरित्रलेखनात अचूकतेचा आग्रह धरणे हाच त्याचा खरा सन्मान आहे.

– एक वाचक, नाशिक