नव्याहून नवी जुनी गाडी

अमेरिकेतील जुन्या 'मसल कार'च्या विक्रीच्या जाहिरातींची एक स्वतंत्र भाषा सिद्ध झाली आहे. १९७० सालची डॉज चॅलेंजर आर/टी घ्या. ४४० घनइंचांचे इंजिन, त्यावर तीन कार्बोरेटर, ३९० अश्वशक्ती. पुढे विशेषणांची आरास: नट-बोल्टापासून रिस्टोअर केलेली, नंबर जुळणारी, कारखान्यातून निघाली त्याहून सरस. यांतले शेवटचे विशेषण आम्हांला मुळातच आक्षेपार्ह वाटते. कारखान्यातून निघाली त्याहून सरस असलेली वस्तू मूळ वस्तू कशी? आणि ती मूळ नसेल, तर मूळपणाचे दाम कोणत्या तोंडाने मागायचे?

प्रश्न शब्दच्छलाचा नाही. ही गाडी डेट्रॉइटने वेढलेल्या हॅमट्रॅमिक या गावातल्या 'डॉज मेन' कारखान्यात तयार होत असे (काही लॉस एंजेलिसलाही झाल्या). जाहिरातीत त्या कारखान्याचा उल्लेख येतो तो चासी क्रमांकातल्या 'बी' या अक्षरापुरता. याच कारखान्यात मे १९६८ मध्ये असेंब्ली लाइनचा वेग वाढवल्याच्या निषेधार्थ अनधिकृत संप झाला आणि त्यातून कृष्णवर्णीय कामगारांची 'डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट' ही संघटना उभी राहिली. कंपनी आणि प्रस्थापित युनियन या दोघांवरही तिचा रोष होता. त्या वेगाने काम करताना हात जसा चालेल तशी गाडी उतरे. दार आणि फेंडर यांमधली फट वरखाली, रंगावर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, सांध्यांत कसेबसे चोपडलेले सीलर. आज यांना 'दोष' म्हणतात. आमच्या मते हीच त्या माणसांची अक्षरे आहेत.

आता रिस्टोअर करणारा काय करतो ते पाहा. गाडीचा सांगाडा सळईवर लावलेल्या कबाबासारखा फिरत्या चौकटीत अडकवतो. पत्रा उघडा करतो, फटी मिलिमीटरच्या हिशेबाने सारख्या करतो, रंग आरशासारखा घोटतो. मग सगळे पुसून झाल्यावर हातात खडू घेतो! तपासनीसांनी कारखान्यात खडूने आणि क्रेयॉनने केलेल्या खुणा जुन्या छायाचित्रांवरून हुबेहूब पुन्हा काढतो. कामगाराचे काम खरवडून टाकायचे आणि त्याची खूण तेवढी गिरवायची, या विकृतीला काय नाव द्यावे?

आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. 'लीळाचरित्रा'च्या पोथ्यांत लेखनिकांनी केलेले फरक संपादकाला कितीही डाचले, तरी तो ते नाहीसे करत नाही, तळटीपेत ठेवतो. वाचकाला निवड करता यावी, एवढी किमान नीती त्यामागे असते. जुन्या गाड्यांच्या धंद्याला तळटीप ठाऊक नाही. 'नंबर जुळणारी' म्हणजे इंजिनवर कोरलेला क्रमांक चासीच्या क्रमांकाशी जुळणारी. पण इंजिनाचा तो सपाट भाग तासून त्यावर हवा तो क्रमांक नव्याने ठोकण्याची विद्याही याच धंद्यात वाढली. १९६९ च्या कॅमॅरोचा तर संपूर्ण सांगाडाच आज नवा, कोराकरकरीत विकत मिळतो. तो पत्रा १९६९ मध्ये जन्मलाही नव्हता.

मुळात या गाड्या देव्हाऱ्यात ठेवायच्या नव्हत्याच. १९६४ मध्ये पॉन्टियाकने साध्या मध्यम आकाराच्या गाडीत मोठे ३८९ घनइंची इंजिन बसवून 'जीटीओ' काढली, ती सुमारे ३०० डॉलरांचे जादा पॅकेज म्हणून. १९६८ ची प्लिमथ रोड रनर तीन हजार डॉलरांच्या आत मिळे. आतला थाट वगळून स्वस्तात वेग द्यायचा, हेच तिचे तत्त्व होते. कारखान्यात राबणाऱ्या तरुणालाही हप्त्यांवर परवडेल अशी ती वस्तू होती. २०१४ मध्ये १९७१ ची उघड्या टपाची हेमी कुडा लिलावात ३५ लाख डॉलरांना गेली. त्या किमतीची गाडी कोण रस्त्यावर आणील?

यावर ठराविक उत्तर येते: रिस्टोअर केल्या नसत्या तर गंजून गेल्या असत्या. अर्धे खरे आहे. त्या काळच्या पत्र्याला गंजापासून फारसे संरक्षण नव्हते आणि मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. कुजलेली फरशी बदलावीच लागते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण गंज थांबवणे वेगळे आणि भूतकाळाला पॉलिश करणे वेगळे. खुद्द बाजारानेच याची साक्ष दिली आहे. 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची मस्टँग जानेवारी २०२० मध्ये ३७ लाख ४० हजार डॉलरांना विकली गेली, ती रिस्टोअर न करता, खरचटलेल्या रंगासह. १९७४ मध्ये ती सहा हजार डॉलरांना घेणाऱ्या कुटुंबाने रोजच्या कामासाठी वापरली होती. मॅक्वीनचे नाव नसते तर ही किंमत आली नसती, हे उघड आहे. पण म्हणून तिला कोणी नवा रंग फासला नाही.

डॉज मेन १९८० मध्ये बंद पडला. पुढच्या वर्षी तो पाडला आणि जनरल मोटर्सच्या नव्या कारखान्यासाठी आजूबाजूच्या पोलटाउन वस्तीतल्या चार हजारांहून अधिक लोकांनाही उठवले. त्या जागी आता विजेवरची वाहने तयार होतात. म्हणजे त्या कामगारांच्या हाताचा पुरावा उरला असेल, तर तो या गाड्यांच्या वाकड्या फटींतच. तेव्हा विक्रेत्यांकडे आमची मागणी साधी आहे. कोणता पत्रा बदलला, कोणता क्रमांक पुन्हा ठोकला, कोणती खूण स्वतःच्या खडूने काढली, हे जाहिरातीत किमतीच्या वर छापा.