छोट्या तिकिटावर मोठी गाडी

गेल्या शनिवारी रात्री साडेदहाला टोरांटोहून मावसभावाचा व्हिडिओ कॉल. मला वाटलं, मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल असेल. तर दादा म्हणतो, ''अगं, सॅटेलाइट कुठली खेळू?''

मंडळी, ही सॅटेलाइट इस्रोवाली नाही. ऑनलाइन पोकरच्या मोठ्या टूर्नामेंटची फी परवडत नसेल, तर आधी कमी फीची एक टूर्नामेंट खेळायची. जिंकलात तर बक्षीस म्हणून मोठीचं तिकीट. ऑन्टॅरिओत एप्रिल २०२२पासून यासाठी रीतसर लायसन्सवाल्या साइट्स आहेत. आपल्याकडे ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्यामुळे माझा रोल आता फक्त फुकट सल्लागाराचा.

या प्रकाराचा देव म्हणजे ख्रिस मनीमेकर (आडनाव खरंच हेच!). टेनेसीतला २७ वर्षांचा अकाउंटंट. २००३मध्ये ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून निघालेला हा गडी लास वेगासला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या १०,००० डॉलर फीच्या मेन इव्हेंटला पोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. तेव्हापासून प्रत्येक क्युबिकलमध्ये एक मनीमेकर बसलेला असतो. २०२३मध्ये कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती मी होते.

दादाला रविवारची २१५ डॉलरवाली खेळायची होती. महिन्याचं बजेट शंभर डॉलर, वहिनीने मंजूर केलेलं. त्याचा डोळा ११ डॉलरच्या री-एन्ट्रीवाल्या सॅटेलाइटवर. ''स्वस्त आहे ना!''

स्वस्त? बॉस, माझी गोष्ट ऐक. ५५० रुपयांची सॅटेलाइट, तिकीट ५,५००चं. बाहेर पडलं की री-एन्ट्रीचं बटण समोर नाचायला लागतं. त्या शुक्रवारी मी एकूण सात वेळा आत गेले. ३,८५० रुपये, सगळे भाड्याच्या पैशातले. आईला सांगितलं, चेक अडकलाय. (तो अडकला होताही, पण ते कारण नव्हतं.)

सातव्यांदा मात्र जमलं होतं. तिकिटं दहा, उरलेले अकरा जण, चिप्समध्ये मी तिसरी. आणि हातात बादशहाची जोडी! टाकलं ऑल-इन. माझ्याहून मोठ्या ढिगाऱ्यावर बसलेल्या कुणीतरी एक्क्यांची जोडी उघडली. अकरावी. हातात शून्य.

नशीब वगैरे काही नाही, तो माझा शुद्ध गाढवपणा होता. इथे पहिल्याला आणि दहाव्याला एकच तिकीट मिळतं, जादा चिप्सना चार आणे जास्त नाहीत. तिघांकडे तर जेमतेम दोन-चार हातांपुरत्या चिप्स उरल्या होत्या. मी बादशहा टाकून चहा करायला गेले असते तरी तिकीट जवळपास नक्की होतं. नेहमीच्या टूर्नामेंटमध्ये जो हात सोडणं पाप, तो इथे सोडायचा.

हायपर-टर्बो हा दुसरा ऑप्शन. ब्लाइंड्स दर दोन-तीन मिनिटांनी वाढतात, तासाभरात निकाल. ऑफिसवाल्यांना वेळेच्या दृष्टीने सोयीचं, पण दादा रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून दहा मिनिटं बोलणारा माणूस. त्याचं तिथे काय होणार?

मी सुचवली २२ डॉलरची फ्रीझआउट. एकदा बाहेर की बाहेर, बजेटला धोका नाही. शिवाय पाच तिकिटांची गॅरंटी. हिशेब करा: पाच तिकिटं म्हणजे १,०७५ डॉलर. प्रत्येकाच्या २२पैकी २० पूलमध्ये जातात. चाळीसच जण आले तर ८०० जमतात, वरचे २७५ साइटच्या खिशातून! चौपन्न जण झाले की ही मजा खल्लास. म्हणून, ''लेट रजिस्ट्रेशन संपायच्या जरा आधी आकडा बघ आणि मगच शीर.''

रविवारी सकाळी मेसेज. एक्केचाळीस जण होते, दादा पाचवा आला. पहिल्यानेही तेच तिकीट नेलं, म्हणून जास्तच खूश.

तासाभराने दुसरा मेसेज. टूर्नामेंट संध्याकाळी सहाला, मंडळाच्या नाटकाची रंगीत तालीमही सहाला. तिकिटाचे रोख पैसे मिळत नाहीत, हे त्याने आत्ता वाचलं. नाटकात तो हीरो आहे. दिग्दर्शन वहिनीचं.